पुढची स्लाइड

रविवारी सव्वाआठला मी लॅपटॉप उघडते.
पडद्यामागे अजून बाबांची पाटी आहे,
सागवानी, खाचांत आकडे सरकवायची:
२१४. ६७. ३०९.
बाबा शनिवारीच आकडे लावून यायचे
आणि येताना वाटेत गुणगुणायचे नाहीत,
सूर उद्यासाठी शिल्लक ठेवायचे.

आता आकडा नाही, फाँट आहे.
शालमोन शुक्रवारी रात्री गाणं पाठवतो
इंग्रजी अक्षरांत, मी ते मराठीत बसवते.
गेल्या महिन्यात 'कृपा'चा पाय मोडून 'कपा' झाला.
सगळ्या मंडळीनं डोळे मिटून
कपा, कपा म्हटलं.
कुणाचं काही अडलं नाही.

रणभिसे वडील म्हणतात, ही कसली उपासना,
ही तर बँजो पार्टी.
एका अर्थी खरंच आहे. ड्रम शिरोळच्या
मोडीत निघालेल्या बँजो पार्टीचा, चार हप्त्यांत घेतलेला,
आणि तो बडवणारा आमचा नहेम्या
गणपतीत मिरजकर तिकटीला हेच हात चालवतो.
वडील जुन्या गीताचं चौथं कडवं पाठ म्हणून दाखवतात.
त्यात एक भवसागर आहे, एक नौका,
आणि मला अजून न समजलेला एक शब्द.
ते कडवं मलाही आवडतं.
आईच्या मातीला मी तेच म्हटलं होतं.

नव्या गाण्याला चौथं कडवं नसतं.
एकच ओळ:
धर माझा हात, सोडू नको.
परत. परत.
पाचव्या खेपेपर्यंत मी मनानं घरी असते,
पांढऱ्या रश्श्याला खोबरं काढायचंय.
सातव्याला काहीतरी सैल होतं.
चोपड्यांची सून रडायला लागते,
का म्हणून कुणी विचारत नाही.
पुस्तकात रडायला एवढा वेळ नव्हता,
कडवी संपायची.

आणि मागून तिसऱ्या बाकावर, भिंतीकडेला, माझा नवरा.
एकतीस वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत, फेटलिंगला.
कान तिथंच राहिले.
पेटीवर गाणी होती तेव्हा
तो पुस्तक उघडून नुसते ओठ हलवायचा,
सगळ्यांपेक्षा अर्धी ओळ मागे.
पुढची माणसं वळून बघायला लागली,
तसे ओठही थांबले.
काचेतनं मासं बघितल्यागत वाटतंय, म्हणायचा.

बेस गिटार पहिल्यांदा आली त्या रविवारी
त्यानं तळवा बाकावर ठेवला.
मग दुसरा.
घरी येऊन, बूटही न काढता,
छातीवर बोट ठेवून म्हणाला,
"हिथं वाजतंय बघ."

तेव्हापासून तो गातो. बेसूर, मोठ्यानं.
तेव्हापासून मी बटण अर्धा ठोका आधी दाबते.
ताई, लई घाई करताय, शालमोन म्हणतो.
करते.
शब्द दिसून त्याच्या ओठांपर्यंत यायला
तेवढा वेळ लागतो.

परवा मधेच वीज गेली.
पडदा गेला, गिटार गेली, सगळे थांबले
जसं कुणी हाक मारल्यावर थांबावं.
तो थांबला नाही.
डोळे मिटलेले, तळवे बाकावर,
धर माझा हात, सोडू नको,
सगळ्या देवळात एकटाच.
मला उठून त्याच्या खांद्याला हात लावायला हवा होता.
नाही उठले.
लॅपटॉप बॅटरीवर चालू होता,
ओळ फक्त मला दिसत होती.

नहेम्यानं काठ्या खाली ठेवल्या होत्या.
त्यानं एकदा तिसऱ्या बाकाकडे पाहिलं
आणि मोठ्या ड्रमवर हळूच पाय दिला.
धप्.
मग परत.

खोबरं त्या दिवशी काढायचं राहिलंच.